दर पावसाळ्यात दाराचा रंग खालूनच सुटत असेल तर

आमच्या रत्नागिरीच्या घराचं पुढचं दार फणसाच्या लाकडाचं. दर पावसाळ्यात खालच्या वीतभर भागाला फोड यायचे, पापुद्रे निघायचे, दार फुगून उंबरठ्याला घासायचं. दोनदा वरूनच ऑइल पेंट मारला, एकदा भिंतीची पुट्टी भरली. ती गणपतीपर्यंतही टिकली नाही. तीन वर्षं जीव मेटाकुटीला आला.

शेवटी मार्चमध्ये बिजागऱ्या काढून दार आडवं केलं, तेव्हा कारण दिसलं. खालची कड कोरी होती, रंगाचा थेंबही नाही. लाकडाच्या उभ्या रेषांची उघडी टोकं तिथूनच पाणी वर ओढत होती.

मग आधी सगळा सुटा रंग खरवडला. कुजका भाग पटाशीनं टणक लाकूड लागेपर्यंत कोरला. दार सावलीत पंधरा दिवस वाळवलं (ही घाई करू नका, ओल आत राहिली तर सगळं फुकट). खड्ड्यांत इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारं भरण) भरलं. घासणारी कड रंध्यानं थोडी उतरवली. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून धूळ पुसली. खालच्या कडेला टर्पेंटाइननं पातळ केलेला लाकडाचा प्रायमर दोनदा पाजला. पहिला हात तर लाकडानं बघता बघता शोषून घेतला. मग पूर्ण दाराला प्रायमर, त्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासणं आणि ऑइल पेंटचे दोन हात, मध्ये २४ तास. तळाची आणि माथ्याची कडही रंगवली. शेवटी बाहेरून खाली उतरती ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली.

दोन पावसाळे झाले, एकही फोड नाही.