चाळीचा पुनर्विकास : संमतीपत्रावर सही करण्याआधी

लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी टॉवर आले तशी आजूबाजूच्या चाळींखालची जमीनही महाग झाली. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सेस (उपकर) भरणाऱ्या इमारतींचा पुनर्विकास बहुतेक वेळा विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली होतो. त्याला ५१ टक्के भाडेकरूंची लेखी संमती पुरते, आणि ती दिली की मागे घेता येत नाही. तेव्हा घासाघीस जी करायची ती सहीच्या आधीच. नंतर तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

पहिलं काम भाडेपावतीचं. पावती अजून आजोबांच्या नावावर असेल तर मृत्यूचे दाखले आणि इतर वारसांची नोटरी केलेली ना-हरकत पत्रं जोडून मालकाकडे अर्ज करा. हे बिल्डर येण्याआधी उरका, कारण एकदा जागेला भाव आला की गावाकडच्या चुलत्याची सहीसुद्धा महाग होते. पावतीवर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळकृष्ण’ असेल तर तेवढ्यावरूनही म्हाडाच्या भाडेकरूंच्या यादीत नाव अडकतं. एकाच नावाचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. आणि १३ जून १९९६ नंतर नव्याने केलेली भाडेदारी धरली जात नाही. त्यानंतर एका खोलीच्या दोन पावत्या केल्या म्हणून दोन घरं मिळणार नाहीत.

आता क्षेत्रफळ. दहा बाय बाराची खोली, म्हणजे १२० चौरस फूट. तिच्या मोजणीवरून भांडण्यात अर्थ नाही, कारण निवासी खोलीला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळायलाच हवं. मोजणीला महत्त्व येतं ते मोठ्या खोलीत किंवा दुकानाच्या गाळ्यात. विनापरवाना पोटमाळा मात्र धरत नाहीत. पुनर्वसनाच्या क्षेत्रावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा बांधकाम क्षेत्र, प्रीमियम (शुल्क) न भरता मिळतं, म्हणून ३०० चे ४०५ होतात. ‘आम्ही तुम्हाला चारशे पाच देतोय’ असं कुणी मोठ्या मनाने सांगितलं तर ती मेहेरबानी समजू नका. खरी बोलणी त्याच्या पुढे सुरू होते. करारात आकडा ‘रेरा कार्पेट’, म्हणजे रेरा कायद्याच्या व्याख्येतलं चटई क्षेत्र, असाच लिहून घ्या. त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाहीत, आतल्या भिंती येतात. नुसतं ‘४५० फूट’ लिहिलं असेल तर त्यात बिल्डर काय काय घालेल, याचा नेम नाही.

जुन्या खोलीची किल्ली बिल्डरला द्यायची कधी? म्हाडाची एनओसी (ना-हरकत) आणि महापालिकेची आयओडी (नकाशांची सशर्त मंजुरी) हातात आल्यावर, प्रत्येकाचा स्वतंत्र करार नोंदणी झाल्यावर आणि तात्पुरत्या घरासाठी बिल्डरने द्यायचं पहिल्या वर्षाचं भाडं खात्यात जमा झाल्यावर. पुढच्या तारखांचे चेक म्हणजे हमी नव्हे. काम रखडलं की तेच आधी परत येतात. बँक गॅरंटी मागा. भाड्यात दरवर्षी वाढ, दलाली आणि टेम्पोचा खर्च करारातच लिहून घ्या, आणि भाडं ‘ताबा मिळेपर्यंत’ असा शब्द असू द्या. ‘३६ महिने’ लिहिलेलं असलं की ३७ व्या महिन्यात घरमालक दारात उभा राहतो.

कॉर्पसचा, म्हणजे देखभालीसाठी बिल्डर देतो त्या एकरकमी पैशांचा हिशेब मात्र कुणी करत नाही, आणि घर विकून विरार-बदलापूर गाठायची वेळ बऱ्याचदा इथेच येते. समजा, नव्या इमारतीचा मेंटेनन्स महिन्याला ६,००० रुपये. वर्षाचे झाले ७२,०००. सहा टक्के व्याजाने तेवढी रक्कम यायला १२ लाख रुपये बँकेत हवेत. बिल्डर ३ लाख देत असेल तर व्याज वर्षाला १८,०००. उरलेले साडेचार हजार दरमहा खिशातून. म्हणून नकाशा पाहताना लिफ्ट किती, पंप आणि वीजमीटर कुणाचे, जिम आणि पोडियमचा खर्च पुनर्वसन इमारतीवर पडतो का, हे वास्तुविशारदाला सगळ्यांसमोर विचारा आणि उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.