पहिल्या ऑटोक्रॉसला उतरताना: गाडी आहे तशी राहू द्या, स्लॅलम शिका

ऑटोक्रॉसमध्ये स्पर्धा घड्याळाशी असते. मोकळ्या मैदानात कोन, म्हणजे प्लास्टिकचे केशरी शंकू, मांडून वळणावळणाची वाट आखतात, गाड्या एकेक करून सोडतात आणि ज्याला कमी वेळ लागला तो वर. इंदुरात हा विषय निघाला की गप्पा हटकून पीथमपूरच्या नॅट्रॅक्सवर जातात. तो ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक गाड्यांच्या चाचण्यांसाठी बांधलेला आहे. नवशिक्याच्या ऑटोक्रॉसमध्ये मात्र बहुतेक वेळ गाडी दुसऱ्या गिअरमध्येच असते. रात्री बायपासवर किंवा सुपर कॉरिडॉरवर ‘प्रॅक्टिस’ करणाऱ्यांशी तर या खेळाचा काही संबंध नाही. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय वेगाची चढाओढ केली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गाडी

घरातली स्विफ्ट, पोलो, जुनी अल्टो, काहीही चालेल. एक्झॉस्ट, स्पॉयलर, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा यांवर पहिल्या वर्षी एक रुपयाही घालू नका. पैसे असतील तर टायर आणि ब्रेक पॅड बघा. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं, तापल्यावर उकळतं आणि पेडल मऊ पडतं.

गाडी रिकामी करा: जॅक, पाना, बाटल्या, पायाखालचं मॅट. डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा काढून घरी ठेवा. त्याखालची टेप उन्हाने कधीच सुटलेली असते, आणि पहिल्या जोरदार ब्रेकला मूर्ती पेडलखाली जाऊ शकते. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं हवं. कुठली मानकं चालतात ते त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात असतं. बूट पातळ तळाचे घाला.

सीट बहुतेकांची फार मागे असते. पाठ टेकलेली असताना हात लांब केला, तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे.

हवा

पुढच्या टायरात कंपनीने सांगितल्यापेक्षा ४ पीएसआय जास्त भरा, मागे कंपनीचाच आकडा ठेवा. टायरच्या बाजूला कमाल दाब छापलेला असतो, तो ओलांडायचा नाही. मग पुढच्या टायरच्या खांद्यावर, जिथे छोटा त्रिकोण असतो तिथे, खडूने आडवी रेघ ओढा. फेरी झाल्यावर खडू त्रिकोणाच्याही खालपर्यंत पुसला गेला असेल तर टायर आडवा लोळतोय, २ पीएसआय वाढवा. त्रिकोणाच्या बरंच वर थांबला असेल तर थोडी हवा काढा. टायर तापला की दाब आपोआप चढतो, म्हणून दर दोन फेऱ्यांनी मोजा.

वाट पायी चालणं

निदान तीनदा चाला. पहिल्यांदा फक्त दिशा पाठ करायला. दुसऱ्यांदा ब्रेक कुठे सोडायचा ते ठरवायला. तिसऱ्यांदा अवघड जागी उकिडवं बसून बघा, कारण उभ्याने सुटे दिसणारे कोन गाडीत बसल्यावर एक केशरी गोंधळ होऊन बसतात. आडवा ठेवलेला कोन दिशा दाखवतो. उभ्या कोनाभोवती खडूचा चौकोन असेल, तर कोन त्याच्या बाहेर गेला की दंडाची सेकंदं लागतात. वाटच चुकली तर बहुधा ती फेरी बाद.

स्लॅलम

नवशिक्यांचा सगळा वेळ इथेच वाया जातो. एका ओळीतले पाच-सहा कोन, एक डावीकडून, एक उजवीकडून. ‘बिनधास्त घुस, मग सांभाळ’ हा सल्ला इथे सर्रास दिला जातो आणि तो साफ चूक आहे. पहिल्या कोनाला उशीर झाला की दुसऱ्याला त्याहून जास्त होतो, आणि चौथ्यापाशी स्टिअरिंग पूर्ण वळवूनही गाडी सरळच जाते.

म्हणून ब्रेक पहिल्या कोनाच्या आधी, सरळ रेषेत, संपवा. आत शिरताना वेग तुम्हाला कंटाळवाणा वाटला पाहिजे.

पुढची गोष्ट उलटी वाटते. कोनाजवळ पोचून वळायचं नसतं. गाडी सगळ्यात बाहेर जाते ती जागा कोनाच्या आधी यायला हवी, म्हणजे कोन शेजारून जाताना बॉनेट पुढच्या कोनाच्या पलीकडच्या बाजूला वळू लागलेलं असतं. मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, त्यामुळे तुम्ही कशाने कोन पाडता त्यावरून चूक कळते. बंपरने पाडला तर तुम्ही उशिरा वळताय. मागच्या चाकाने पाडला तर वळण वेळेवर आहे, वीतभर जागा कमी पडली. ही दुसरी चूक चांगली म्हणायची.

पाय स्थिर ठेवा. मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं, मागचं टोक हलकं होतं आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडीसुद्धा शेपूट फेकते. एकाच दाबावर पाय ठेवून निघा. शेवटचा कोन मागे पडू लागला की मग दाबा.

नजरेचा सराव बोलून होतो. पहिल्या कोनापाशी मोठ्याने ‘तीन’ म्हणा, दुसऱ्यापाशी ‘चार’. आकडा म्हणायचा तर डोळे तिकडे न्यावेच लागतात. हात स्टिअरिंगवर, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. स्लॅलममध्ये ते हलवायची वेळ आली तर समजा उशीर झालाय.

सरावाला मालकाची परवानगी घेतलेलं, मुरूम टाकलेलं किंवा काँक्रीटचं आवार शोधा. आपल्या माळव्याची काळी माती पावसात चाकं गिळते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. नव्या कॉलन्यांचे ले-आऊट मोकळे दिसतात, पण तिथे घरांआधी विजेचे खांब उभे राहतात. कोनापासून खांब, भिंत, विहीर यांपर्यंत कमीत कमी ८ मीटर, वळणाच्या बाहेरच्या बाजूला १५. पाच कोन १८-१८ मीटरवर मांडा, म्हणजे साधारण वीस मोठी पावलं. ताशी ३० पासून सुरुवात करा आणि सलग पाच वेळा कोन न पडता निघेपर्यंत वेग वाढवू नका. बाजूला कुणाला तरी फोनवर स्लो-मोशनमध्ये चित्रण करायला उभं करा. पुढची चाकं कोनाच्या आधी वळली की नंतर, यावरचा वाद तिथेच मिटतो.

फेरी

पहिल्या गिअरमध्ये सुटा, दुसरा टाका, तिथेच राहा. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक पूर्ण दाबून स्टिअरिंग वळवता येतं. ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) पहिल्या दिवशी चालूच ठेवा. हँडब्रेकला हात लावू नका, ते मोटर जिमखान्याचं काम, म्हणजे गाडी जागच्या जागी फिरवण्याच्या वेगळ्या खेळाचं.

परतल्यावर ब्रेक तापलेले असतात, तेव्हाही हँडब्रेक ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

कागद

आपल्याकडे बरेच ऑटोक्रॉस मातीवर होतात, म्हणून नाव देण्याआधी जमीन कुठली ते विचारा. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाच्या मान्यतेच्या स्पर्धेला त्यांचं लायसन्स लागतं. आणि गाडीची पॉलिसी उघडून वाचा: आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी सहसा विम्यातून वगळलेली असते, त्यामुळे मैदानातल्या नुकसानीचा खर्च तुमच्याच खिशातून. घरी निघण्याआधी टायरातली हवा रस्त्याच्या आकड्यावर आणा आणि चाकांचे नट पान्याने तपासा.