वडापावाला पंचतारांकित कसे करावे

गाडीवर आधीच सांगा, ‘भाऊ, सगळं वेगळं बांधा.’ वडे, पाव, सुकी लसूण चटणी, हिरवी चटणी, तळलेल्या मिरच्या आणि चुरा. चुरा विसरू नका. कढईत सांडलेल्या पिठाचे हे कुरकुरीत तुकडे. मुंबईत दादरच्या कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव त्यासाठीच ओळखला जातो. आपल्या ताटात मात्र त्याला ‘बेसन क्रम्बल’ म्हणायचं.

घरी पोचताच पुडी सोडा. कागदात कोंडलेल्या वाफेने वड्याचं कवच मऊ पडतं आणि मऊ वड्याला कोणतंही फ्रेंच नाव वाचवू शकत नाही. वडे जाळीवर ठेवा. गार झाले असतील तर १८० अंशांवर पाचेक मिनिटं ओव्हनमध्ये. मायक्रोवेव्हला हातही लावू नका.

पावातून छोट्या वाटीने गोल चकत्या पाडा, तव्यावर लोण्यात लालसर भाजा. उरलेल्या कडा चहात बुडवून खा, स्वयंपाक्याचा हक्क आहे तो.

हिरवी चटणी पाणचट असते, ताटात ओघळ सुटतो. ती गाळून दोन चमचे चक्क्यात कालवा, म्हणजे जागची हलणार नाही. आता घरातलं सर्वांत मोठं पांढरं ताट काढा. चटणीचा एक गोळा ठेवून चमच्याच्या पाठीने एकदाच ओढा. दुसऱ्यांदा ओढलीत तर ताट पुसायला घेतल्यासारखं दिसतं.

वडा करवतीच्या सुरीने अर्धा कापा, म्हणजे आतला पिवळा बटाटा दिसेल. चकतीवर अर्धा वडा, कापलेली बाजू पाहुण्याकडे. शेजारी चुरा, वरून चिमूटभर लसूण चटणी, मिरची उभी खोचलेली. सजावटीला मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळी इवली रोपं, हवीत? दादरच्या भाजीबाजारात समुद्रमेथीच्या इवल्याशा जुड्या मिळतात, त्या घ्या. फक्त तीन-चार पाण्यांत धुवा. वाळूत उगवते ती, आणि दाताखाली कचकच आली की सगळा थाट उतरला.

ताटाचा निम्म्याहून जास्त भाग रिकामा ठेवा. खरी किंमत त्या रिकाम्या जागेचीच लावतात.

वाढताना पदार्थाचं नाव लांबलचक सांगा: ‘लसणीच्या भुकटीसह बेसन-आवरणातला बटाटा, १९६६, दादर’. वडापावाचा उगम त्या साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर झाला असं सांगतात, तेव्हा द्राक्षांच्या वाइनसारखं साल लावायला हरकत नाही.

आणि माणशी दोन वडापाव कागदात बांधलेले तयार ठेवा. अर्ध्या वड्याने कुणाचं पोट भरत नाही.