अडकलेला ऑइल फिल्टर कसा काढावा

घरी गाडीचं ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल सोडायचा इंजिनखालचा बोल्ट, सहसा त्रास देत नाही. काम अडतं ते फिल्टरपाशी. आणि फिल्टर हलेना, की कोणीतरी हमखास सांगतं, ‘स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोक आणि फिरव.’ हा सल्ला मी एकदा ऐकला आणि त्यापायी एक अख्खा दिवस गाडीखाली पडून काढला. त्यानंतर कितीतरी वेळा अडकलेले फिल्टर काढलेत, पण सुरुवात स्क्रू ड्रायव्हरने पुन्हा कधी केली नाही.

हे सगळं आट्यांवर फिरवून बसवायच्या, पत्र्याच्या डब्यासारख्या फिल्टरबद्दल आहे. प्लास्टिकच्या टोपणाखाली नुसती कागदी जाळी असेल, तर ते काम वेगळं.

गाडी सपाट जागी, नुसत्या जॅकवर नको, स्टँडवर हवी. हातात मोजे, खाली पसरट भांडं. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट हवं, चटका देणारं नको. फिल्टर बऱ्याचदा सायलेन्सरच्या पाइपजवळच असतो आणि तो पाइप ऑइलपेक्षा कितीतरी जास्त तापतो.

आता माझा पहिला आग्रह. ऑइल काढण्याआधी फिल्टर हलतो का ते बघा. जवळपास सगळे उलट करतात: आधी ऑइल सोडतात, मग फिल्टरकडे वळतात. तो हलला नाही, तर इंजिन रिकामं, फिल्टर जागेवर आणि गाडी जागची हलवता येत नाही. आधी फिल्टरला जोर लावून बघितला आणि जमलं नाही, तर ऑइल आतच असतं, गाडी चालवत गॅरेजला नेता येते. फिल्टर सुटला, तर पाव फेरा फिरवून पुन्हा हाताने घट्ट करा आणि मग निवांत ड्रेन बोल्ट उघडा. थोडं ऑइल ओघळेल, त्यासाठी भांडं आहेच.

फिल्टर अडकतो कशाने, हे कळलं की निम्मे चुकीचे उपाय आपोआप गळतात. फिल्टरच्या तोंडाशी रबरी रिंग असते. बसवताना तिला ऑइल लावलं नसेल किंवा कोणी पान्याने आवळून फिल्टर बसवला असेल, तर इंजिनच्या उष्णतेत ती रिंग चपटी होऊन धातूला चिकटते. बहुतेक वेळा धरून ठेवते ती ही रिंग, आट्यांवरचा गंज नाही. म्हणून गंज सोडवणारा स्प्रे इथे काही करत नाही, उलट डबा निसरडा करून ठेवतो. ज्योतीने तापवणं तर मनातही आणू नका. तिथे ऑइल असतं.

दिशा पक्की करा. फिल्टरच्या बंद टोकाकडून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचं. वरून हात घालून काम करताना बंद टोक आपल्यापासून लांब असतं आणि तेव्हा डोकं हमखास फसतं. मी एकदा बराच वेळ फिल्टर आणखी आवळत होतो. तेव्हापासून डब्यावर मार्करने बाण काढल्याशिवाय पाना लावत नाही.

पहिला प्रयत्न हाताने. डबा चिंधीने पुसून अगदी कोरडा करा, ऑइल राहिलं असेल तर ब्रेक क्लीनर मारा, आणि खरखरीत सँडपेपरची पट्टी खरखरीत बाजू आत ठेवून गुंडाळून पिळा. पुष्कळ फिल्टर इथेच सुटतात.

नाही सुटला तर पाना. टोपीसारखा, फिल्टरच्या बंद टोकावर बसणारा पाना माझ्या मते सगळ्यात चांगला, पण तो तुमच्या फिल्टरच्या मापाचा आणि तितक्याच पैलूंचा हवा. जरा जरी सैल असला तरी कडा गोल करून टाकतो. माप जुळत नसेल तर पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना घ्या आणि तो इंजिनच्या बाजूला, डब्याच्या बुडाशी लावा. तिथे पत्रा जाड पाटीवर दुमडलेला असतो, म्हणून तो भाग टणक. मध्यावर पाना लावला तर डबा चेपतो आणि सगळा जोर चेपण्यातच जातो. पट्टा घसरत असेल तर त्याच्याखाली तीच सँडपेपरची पट्टी घाला. झटके देऊ नका. जोर हळूहळू वाढवत न्या आणि तिथेच धरून ठेवा. रबर अचानक सुटत नाही, आधी किंचित सरकतं आणि ते हाताला कळतं.

आता त्या स्क्रू ड्रायव्हरबद्दल. डब्याचा पत्रा पातळ असतो. रिंग खरोखर चिकटली असेल, तर स्क्रू ड्रायव्हर फिल्टर फिरवत नाही, पत्रा फाडत जातो. माझं तेच झालं: डबा चिंध्यांसारखा लोंबू लागला, ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि बुडाची पाटी इंजिनला तशीच चिकटून राहिली. आणखी मोठा धोका असा, की एकदा भोक पडलं की माघार नाही. इंजिन चालू केलं तर दाबाखालचं ऑइल त्या भोकातून बाहेर येईल. त्यामुळे हा उपाय करायचाच असेल तर सगळ्यात शेवटी, ऑइल काढून झाल्यावर आणि नवा फिल्टर हाताशी असताना. भोक बुडापासून थोडं दूर पाडा, कारण बुडाच्या मध्यातून इंजिनचा आट्यांचा दांडा आत आलेला असतो. तो दुखावला तर खर्च फिल्टरपुरता राहत नाही.

आणि डबा फाटून नुसती पाटी उरलीच, तर घाबरू नका. लोंबणारा पत्रा कापून टाका. पाटीत मधल्या भोकाभोवती लहान भोकं असतात. त्यांत मजबूत निमुळत्या पकडीची टोकं घालून फिरवा. तरी हलेना तर पाटीच्या कडेवर छिन्नी तिरकी टेकवून, सुटण्याच्या दिशेने हातोडीचे छोटे ठोके द्या, जागा बदलत बदलत. छिन्नीचं टोक इंजिनच्या सपाट पृष्ठभागाला लागता कामा नये. नवी रिंग तिथेच टेकणार असते आणि तिथे चरा पडला की गळती.

फिल्टर सुटला की लगेच त्याचं तोंड बघा. रिंग त्याच्यासोबत आली का? अडकलेल्या फिल्टरची रिंग इंजिनलाच चिकटून राहणं अगदी नेहमीचं आहे. तिच्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रिंगा एकमेकींवर घसरतात आणि इंजिन सुरू झाल्यावर ऑइल भसाभस बाहेर पडतं. बोट फिरवून खात्री करा, मग पृष्ठभाग स्वच्छ पुसा.

ऑइल पूर्ण निथळलं की ड्रेन बोल्ट नव्या वॉशरसह बसवा.

नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने ताजं ऑइल लावा. हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत न्या, डब्यावर आणि इंजिनवर समोरासमोर खूण करा आणि तिथून पाऊण फेरा. फिल्टरवर वेगळा आकडा छापला असेल तर तो पाळा. पाना फक्त काढण्यासाठी आहे. पुढच्या वेळी फिल्टर अडकणार की नाही हे बहुतेक याच क्षणी ठरतं.

ऑइल भरा, इंजिन सुरू करा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा, नाही विझला तर लगेच बंद करा. दोनेक मिनिटं चालू ठेवून टॉर्चने फिल्टरच्या बुडाभोवती बघा, बंद करा, थोडं थांबून डिपस्टिकवर पातळी तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी खाली एक कोरा कागद सरकवून पुन्हा एकदा बघा.