आधी रोलर फिरवून बघा

दोघी पोरींनी एकाच ॲक्रिलिक शीटमधून कापलेले तुकडे वाकवून तोडले, पण फ्रॅक्चर टफनेस (चीर असलेला पदार्थ तुटायला किती विरोध करतो त्याचं माप) एकीचा १.२ आणि दुसरीचा १.३ मेगापास्कल √मीटर. दोघी दिवसभर तुकड्याला आधी ब्लेडने मारलेल्या चिरेवर संशय घेत बसलेल्या. मी दुसरीच्या फिक्श्चरचा, म्हणजे तुकडा टेकवायच्या सांगाड्याचा, खालचा रोलर बोटाने फिरवायला गेलो, तर तो हलेचना. जुन्या तुकड्यांची भुकटी ग्रीसमध्ये कालवून घट्ट बसली होती.

थ्री-पॉइंट बेंडमध्ये, म्हणजे खाली दोन रोलरवर टेकवून वरून मधोमध दाबताना, तुकडा वाकला की खालची कड ताणते आणि टेकूवरून बाहेर सरकू पाहते. रोलर मोकळा असला की तोही सोबत गडगडतो. अडकला तर घर्षण तुकड्याला आत रेटतं, तेही नेमकं चीर उघडते त्या बाजूला. मशीन बिचारं जास्तीचा लोड इमानेइतबारे नोंदवतं आणि आपण त्याचं श्रेय ॲक्रिलिकला देतो.

हिशोब करून बघा. जाडी ६ मिमी, उंची १२, चीर ६, स्पॅन (दोन टेकूंमधलं अंतर) उंचीच्या चौपट म्हणजे ४८. टफनेस १.२ असेल तर तुकडा साधारण ७४ न्यूटनला तुटायला हवा. घर्षण गुणांक ०.२ धरला तर माझ्या ढोबळ गणिताने ८० लागतात. म्हणजेच १.३!

म्हणून रोलर काढून पुसा. स्पिरिट वापरलंत तर पूर्ण सुकू द्या, कारण ताणाखालच्या ॲक्रिलिकला अल्कोहोल लागलं की बारीक भेगा पडतात. मग रोलर आतल्या स्टॉपला टेकवून ढिल्या रबरबँडने धरा. स्पॅन जागेवर राहतो आणि लोड आल्यावर रोलरला बाहेर जायला वाव मिळतो. स्पॅन व्हर्नियरने मोजाच. ४८ मध्ये १ मिमी चुकला तर उत्तर दोन टक्क्यांनी हलतं.

बिनचिरेचा तुकडा ठेवून त्याखाली कार्बन पेपर आणि साधा कागद सरकवा, हलका लोड द्या. दोन्ही रोलरच्या रेघा सलग आणि समांतर उमटायला हव्यात. एका टोकाला गडद, दुसऱ्याला फिकट दिसली तर तुकडा पिळवटतोय.

रोलर बारीक असेल तर तो प्लॅस्टिकमध्ये रुततो. लोडवरून टफनेस काढताना त्याने फारसं बिघडत नाही, पण लोड आणि सरकण्याच्या आलेखाखालच्या क्षेत्रफळावरून ऊर्जा काढणार असाल तर रुतण्याची ऊर्जाही त्यात मोजली जाते. त्यासाठी बिनचिरेचा तुकडा वाकू न देता त्याच वेगाने, तेवढ्याच लोडपर्यंत दाबून ते क्षेत्रफळ वजा करा. आमच्याकडे हे काम नेहमी शुक्रवारी संध्याकाळवर ढकललं जातं, आणि मग राहूनच जातं.