अंतराळ संशोधनाचे प्रशिक्षण: आठवीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत तयारी कशी करावी

मुलाला अंतराळाची ओढ आहे हे लक्षात आल्यावर अनेक पालक महागड्या खासगी शिबिरांची चौकशी करू लागतात, आणि नेमक्या त्याच काळात इस्रोच्या निःशुल्क ‘युविका’ कार्यक्रमाच्या अर्जाची मुदत उलटून जाते. म्हणून सुरुवात येथूनच करावी. २०१९ मध्ये सुरू झालेला हा युवा विज्ञानी कार्यक्रम नववीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असून तो साधारणपणे मे महिन्यात, सुमारे दोन आठवडे, इस्रोच्या विविध केंद्रांत भरतो. प्रवास, निवास आणि भोजन यांचा खर्च इस्रोच करते. अलीकडच्या वर्षांत अर्ज फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत स्वीकारले गेले आहेत.

निवडीचे निकष नीट वाचले, तर तयारी नववीत नव्हे, आठवीतच करावी लागते हे ध्यानात येते. अलीकडच्या जाहिरातींनुसार आठवीच्या गुणांना ५० टक्के भारांश आहे, ऑनलाइन प्रश्नमंजूषेला १० टक्के आणि विज्ञान प्रदर्शनातील सहभागाला त्याच्या पातळीनुसार जास्तीत जास्त १० टक्के. ऑलिंपियाडसारख्या स्पर्धा, क्रीडास्पर्धा आणि स्काउट-गाइड वा एनसीसी यांना प्रत्येकी ५ टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो. उरलेले १५ टक्के ग्रामपंचायत हद्दीतील शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळतात. जिल्हा परिषदेच्या किंवा गावातील अनुदानित शाळेच्या शिक्षकांनी ही तरतूद वर्गात आवर्जून सांगावी, कारण आपल्या शाळेचे नाव छोटे आहे म्हणून मागे राहणाऱ्या मुलांसाठीच ती आहे. प्रदर्शनातील सहभागाची प्रमाणपत्रे मिळतील तशी एकत्र ठेवावीत, सर्व कागदपत्रांवर नाव आणि जन्मतारीख सारखी आहे ना हे पाहावे, आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

अकरावी-बारावीत खगोलशास्त्राच्या ऑलिंपियाडचा मार्ग उपलब्ध असतो. त्याची पहिली पायरी असलेली परीक्षा सामान्यतः नोव्हेंबरमध्ये होते आणि तिची नोंदणी काही महिने आधीच संपते. पुढील टप्पे मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेते. तिरुवनंतपुरम येथील अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत बी.टेक.साठी जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या आधारे प्रवेश मिळतो, मात्र त्यासाठी संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी करावी लागते, हे विसरू नये.

पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी पुण्याइतके अनुकूल शहर देशात क्वचितच सापडेल. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि जयंत नारळीकर ज्याचे संस्थापक संचालक होते त्या ‘आयुका’ (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र) येथे उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थ्यांना एखाद्या संशोधकाच्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प करता येतो. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही असेच प्रकल्प देते. नारायणगावजवळील खोडद येथील, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण याच केंद्राची आहे. अशा अर्जांत गुणपत्रिकेइतकेच वजन उद्देशपत्राला, म्हणजे आपल्याला हे काम का करायचे आहे ते सांगणाऱ्या पत्राला, असते. ‘मला लहानपणापासून ताऱ्यांचे आकर्षण आहे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जदार लिहितो आणि त्यातून परीक्षकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी आपण कोणता विषय खोलवर शिकलो, कोणते गणित स्वतः सोडवले, पायथॉन या संगणकभाषेत कोणता आलेख काढला आणि कोणत्या प्रश्नावर अडलो, हे एका पानात स्पष्टपणे लिहावे. शिफारसपत्रही विभागप्रमुखांकडूनच घेण्याचा आग्रह नसावा; ज्यांनी प्रयोगशाळेत आपले काम जवळून पाहिले आहे त्या प्राध्यापकांना महिनाभर आधी विनंती करावी.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयात उपग्रह बनवणारा गट आहे का, याची पहिल्याच वर्षी चौकशी करावी. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला, जेमतेम एक किलोचा उपग्रह ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला, आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला. असे प्रकल्प अनेक वर्षे चालतात, त्यामुळे काम एका तुकडीकडून दुसरीकडे सोपवले जाते. नव्या विद्यार्थ्याने शिरताना आराखडे आणि नोंदी वाचण्याची तयारी दाखवली, तर गटाला त्याची खरी मदत होते. भूस्थानकाच्या, म्हणजे जमिनीवरून उपग्रहाशी रेडिओसंपर्क ठेवण्याच्या, कामात रस असल्यास हौशी रेडिओचा परवाना काढावा. त्याची परीक्षा वयाच्या १२ व्या वर्षानंतर देता येते.

महाविद्यालयात असा गट नसेल, तरी काम थांबत नाही. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन (उपग्रहांवरून पृथ्वीचे निरीक्षण) संस्था निःशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते, आणि ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही अवकाशातील वेधशाळा तसेच ‘चांद्रयान-२’ यांची निरीक्षणे इस्रोने सर्वांसाठी खुली केली आहेत. चंद्रावरील एखाद्या विवराची छायाचित्रे उतरवून सावलीच्या लांबीवरून त्याची खोली मोजणे, हा बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला आपल्या प्राध्यापकांच्या मदतीने एका सत्रात पूर्ण करता येण्याजोगा प्रकल्प आहे, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या उद्देशपत्रात त्याचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात करता येतो.