कलेसाठी सरकारी अनुदान मागताय? मग अर्जात लोकांचा फायदा नीट मांडा

अनुदानाचा अर्ज लिहायला बसलं की बरेच कलाकार पहिली दोन पानं कलेची थोरवी सांगण्यातच घालवतात, आणि वाचणाऱ्याला जे हवं असतं ते शेवटी कुठेतरी दोन ओळींत उरकतात. पैसा जनतेचा आहे, त्यामुळे समोरच्याचा प्रश्न साधा असतो, यातून लोकांना काय मिळणार? सुरुवात तिथूनच करा.

"समाजात कलेची जाणीव वाढेल" हे वाक्य सरळ काढून टाका, असं प्रत्येकच अर्जात असतं. त्यापेक्षा लिहा की सातवी-आठवीची ६० मुलं, ज्यांच्या शाळेत संगीताचा शिक्षकच नाहीये, ती दर शनिवारी दोन तास वाजवायला शिकणार, वाद्यं आम्ही देणार, फी नाही, आणि सहा महिन्यांनी त्यांचा कार्यक्रम त्याच शाळेच्या पटांगणात आईवडिलांसमोर होणार. कोण, कुठे, किती वेळा आणि आज त्यांना काय मिळत नाहीये, एवढं आलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर चित्र उभं राहतं.

मग हमखास विचारतात, तिकीट विकून भागवा ना! याचं चांगलं उत्तर बॉमोल आणि बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच देऊन ठेवलंय. चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं आणि अर्धा तास लागायचा, आजही तेवढंच लागतं. कारखान्यात मशीन आलं, कमी माणसांत जास्त माल निघायला लागला, पगार वाढले, पण इथे माणसं कमी करता येत नाहीत आणि पगार तर बाकीच्यांसारखे द्यावेच लागतात. सगळा खर्च तिकिटावर टाकला तर ज्यांच्यासाठी करतोय तेच बाहेर राहतात.

पर्यटन वाढेल, हॉटेलं चालतील हा मुद्दा जपून वापरा. खात्रीचा आकडा असेल तर जरूर द्या, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका, कारण मग कोणीही म्हणेल की तेवढ्याच पैशात स्टेडियम बांधू, गर्दी जास्त होईल. रोजगाराचा मुद्दा त्यापेक्षा भक्कम वाटतो मला. महामंदीत अमेरिकन सरकारने १९३५ मध्ये फेडरल आर्ट प्रोजेक्ट काढला, बेकार चित्रकारांना पगार दिला, त्यातून शाळा-हॉस्पिटलांच्या भिंती रंगल्या, लोकांसाठी कला केंद्रं निघाली, आणि त्या पगारावर जगलेल्यांत तेव्हा फारसं कोणाला माहीत नसलेले, पण पुढे जगभर नावाजलेले चित्रकार जॅक्सन पोलॉक आणि ली क्रॅस्नर पण होते. म्हणून बजेटमध्ये स्वतःच्या मानधनापुढे शून्य लिहू नका, प्लीज! फुकट काम दाखवलं की पुढच्या वर्षीही फुकटच धरतात.

प्रवेश मोफत ठेवलात तरी काम संपत नाही. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय संग्रहालयांचं तिकीट २००१ मध्ये गेलं आणि भेटी खूप वाढल्या, पण लांब राहणाऱ्याला बसचं भाडं, कामगाराला वेळ, व्हीलचेअरवाल्याला रॅम्प हे प्रश्न तिकीट काढून टाकल्याने सुटत नाहीत. ते खर्च बजेटमध्ये वेगळे दाखवा, तुमचा विचार किती खोल आहे ते तिथे कळतं.

आणि पैसा घेतला म्हणून सरकारची तारीफ करायची का? नाही. १९४६ मध्ये ब्रिटनची आर्ट्स कौन्सिल आली ती याच तत्त्वावर की पैसा सरकार देणार, कोणाला द्यायचा ते स्वतंत्र मंडळ ठरवणार. प्रत्यक्षात दबाव येतोच कधीकधी, म्हणून सही करण्याआधी अटी पूर्ण वाचा, कार्यक्रमात काय असावं हे कोण ठरवणार ते लेखी घ्या.

पैसे मिळाले की पहिल्या दिवसापासून हजेरी ठेवा, मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीनेच काढा, आणि शाळेच्या शिक्षकांकडून दर महिन्याला चार ओळी लिहून घ्या, वर्षअखेरीच्या रिपोर्टला त्याच लागतात.